अ‍ॅक्युपंक्चरने आयव्हीएफचं यश वाढतं का? आणि पाळीच्या दुखण्याचं काय?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ कळेल. तुम्ही पिंपळगाव बसवंतच्या, वय 34. पीसीओएस (बीज वेळेवर न फुटण्याचा बीजकोशांचा आजार) आहे, एक आयव्हीएफ फसलं, पुढच्या महिन्यात गोठवून ठेवलेला गर्भ गर्भाशयात सोडायचा, म्हणजे ट्रान्सफर करायचा आहे. नणंदबाईंनी कुठेतरी ऐकलं की गर्भ सोडायच्या आधी आणि नंतर सुया टोचून घेतल्या तर यश जवळजवळ दुप्पट होतं. एका ठिकाणी चौकशी केली तर तीन महिन्यांचं पॅकेज सांगितलं, आणि त्यासाठी ट्रान्सफर पुढे ढकला असंही सुचवलं. जाता जाता धाकट्या बहिणीची पाळीतली पोटदुखी आणि आईच्या पाळी जातानाच्या गरम झळा यांबद्दलही विचारलंय.

मी नाशिकला गंगापूर रोडवर बरीच वर्षं अ‍ॅक्युपंक्चर करते. स्त्रीरोगतज्ज्ञ नाही. माझं पोट या सुयांवरच चालतं, हे ध्यानात ठेवून पुढचं वाचा. ट्रान्सफर पुढे ढकलू नका. मूल राहण्याची शक्यता वाढावी एवढ्याचसाठी पॅकेज घेऊ नका. बहिणीसाठी मात्र सुया करून बघण्यासारख्या आहेत. आईचं उत्तर थोडं तिरपं आहे, ते शेवटी.

आता नणंदबाईंचं "दुप्पट" कुठून आलं ते सांगते, कारण ते हवेतून आलेलं नाही. 2002 साली जर्मनीतल्या वोल्फगांग पाउलुस यांच्या गटाने 160 बायकांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. चिठ्ठ्या टाकल्यासारखी वाटणी करून 80 जणींना गर्भ सोडण्याच्या आधी 25 मिनिटं आणि नंतर 25 मिनिटं सुया दिल्या. उरलेल्या 80 जणी तेवढा वेळ नुसत्या पडून राहिल्या. सुयांच्या गटात 42.5 टक्के बायकांना गर्भ राहिला, दुसऱ्या गटात 26.3 टक्के. आकडे बघून आमच्या धंद्यातले सगळेच हरखले. आयव्हीएफच्या दिवशी अ‍ॅक्युपंक्चर करायची जगभर पडलेली पद्धत मुख्यतः या एका अभ्यासातून आली, आणि आजही अनेकजण तेच बिंदू त्याच क्रमाने टोचतात. 2008 साली एरिक मॅनहायमर आणि सहकाऱ्यांनी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये अशा सात चाचण्या एकत्र केल्या, एकूण 1366 बायका, आणि निष्कर्ष काढला की दहाजणींना सुया दिल्या तर त्यांच्यात एक गर्भधारणा जास्त होते. हे वाचून कुणालाही वाटेल की विषय संपला.

तो संपला नाही, कारण पाउलुसच्या अभ्यासात एक गोष्ट नव्हती. तुमचे मालक द्राक्षवाले आहेत, त्यांना विचारा. नवीन औषध आलं की बागेतली एक ओळ तशीच सोडतात की नाही? आणि त्याहून चिकित्सक शेतकरी एका ओळीवर नुसतं पाणी मारतो, कारण फरक औषधाने पडला की फवारणीच्या ओलाव्याने, हे त्याला बघायचं असतं. पाउलुसकडे न मारलेली ओळ होती, पाणी मारलेली ओळ नव्हती. सुया घेणाऱ्या बाईला आपल्याला काहीतरी खास मिळतंय हे माहीत असतं. कुणीतरी तिच्याजवळ बसतं, बोलतं, नाडी बघतं. पडून राहिलेल्या बाईला यातलं काहीच मिळत नाही.

म्हणून पुढच्या लोकांनी खोट्या सुया वापरल्या. बोथट टोकाची सुई कातडीला टेकते आणि दांड्यात मागे सरकते. आत गेल्यासारखी दिसते पण जात नाही. काही चाचण्यांत खरी सुईच पण भलत्या जागी आणि वरवर टोचतात. 2009 मध्ये हाँगकाँगच्या गटाने 370 बायकांवर, गोठवलेला नव्हे तर ताजा गर्भ सोडताना, खरी सुई विरुद्ध आत न शिरणारी सुई अशी तुलना केली. एकूण गर्भधारणेचं प्रमाण खऱ्या सुईत 43.8 टक्के, खोट्या सुईत 55.1 टक्के. होय, खोटीत जास्त. याचा अर्थ खोटी सुई गुणकारी असा मी काढत नाही. एका अभ्यासात असे उलटेसुलटे आकडे येऊ शकतात. पण पाउलुसचे आकडेही एकाच अभ्यासाचे होते, आणि ते मात्र आपण सगळ्यांनी डोक्यावर घेतले.

सगळ्यात वजनदार चाचणी 2018 ची. कॅरोलाइन स्मिथ यांच्या नेतृत्वाखाली ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमधल्या 16 केंद्रांवर 848 बायका. इथे नुसतं "टेस्ट पॉझिटिव्ह आली का" एवढं बघितलं नाही, शेवटी बाळ जन्माला आलं का हे मोजलं. खऱ्या सुयांच्या गटात 18.3 टक्के, खोट्यांच्या गटात 17.8 टक्के. हा फरक नसल्यातच जमा. ही बाई अ‍ॅक्युपंक्चरची विरोधक नाही, उलट या विषयातल्या संशोधनात तिचं अर्धं आयुष्य गेलंय. आणि मॅनहायमर? त्यांनीच 2013 मध्ये 16 चाचण्या, 4021 बायका धरून पुन्हा हिशेब केला आणि लिहिलं की सगळं एकत्र केल्यावर फायदा दिसत नाही. पहिला निष्कर्ष व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतो, दुसरा फिरत नाही.

आमच्यातले लोक यावर एक बाजू मांडतात, तीही सांगायला हवी. स्मिथच्या चाचणीत तीनच वेळा सुया दिल्या होत्या: एकदा बीज वाढवण्याच्या इंजेक्शनांच्या सहाव्या ते आठव्या दिवसादरम्यान, आणि दोनदा गर्भ सोडण्याच्या दिवशी, आधी आणि नंतर. "एवढ्याने काय होणार, तीन महिने आठवड्यातून दोनदा करा मग बघा," हा युक्तिवाद. तुम्हाला सांगितलेलं पॅकेज याच युक्तिवादावर उभं आहे. तो अगदीच टाकाऊ नाही. तीन वेळा सुया घेऊन गुडघेदुखीतही फारसं हाती लागत नाही.

पण भरपूर सुया दिल्या तर काय होतं, हेही कुणीतरी बघितलंय, आणि तेही नेमकं तुमच्या आजारात. 2017 साली चीनमधल्या 21 केंद्रांवर पीसीओएस असलेल्या 1000 बायकांची चाचणी प्रसिद्ध झाली. आयव्हीएफ नव्हे, नैसर्गिकरीत्या बीज फुटून दिवस राहावेत यासाठी. आठवड्यातून दोनदा, अर्ध्या तासाची बैठक, चार पाळ्या होईपर्यंत, म्हणजे जास्तीत जास्त 32 वेळा. चार गट केले: खरी सुई आणि बीज फुटण्यासाठी देतात ती क्लोमिफेन गोळी, खोटी सुई आणि गोळी, खरी सुई आणि नकली गोळी, खोटी सुई आणि नकली गोळी. बाळ जन्मण्याचं प्रमाण याच क्रमाने 29.4, 28.0, 13.9 आणि 16.8 टक्के. गोळी घेतलेल्या दोन गटांची न घेतलेल्या दोन गटांशी तुलना करा, फरक डोळ्यांत भरतो. मग खऱ्या सुईची खोटीशी करा, हाताला काही लागत नाही.

या चाचणीवर माझा विशेष भरवसा असण्याचं एक कारण आहे. 1998 मध्ये अँड्र्यू व्हिकर्स यांनी वेगवेगळ्या देशांतल्या अ‍ॅक्युपंक्चरच्या चाचण्या तपासल्या तेव्हा चीनमधून आलेली प्रत्येक चाचणी अनुकूलच निघाली होती. प्रत्येक! शंभर टक्के निकाल लावणाऱ्या शाळेकडे बघतो तसंच त्या आकड्याकडे बघायला हवं. त्याच देशाच्या डॉक्टरांनी एवढी मोठी चाचणी करून "सुईने फायदा झाला नाही" असं छापलं, तेव्हा ते झटकून टाकता येत नाही.

खरा परिणाम कसा दिसतो याचा अंदाज यावा म्हणून आणखी एक आकडा देते. 2014 साली अमेरिकेत पीसीओएसच्या 750 बायकांवर लेट्रोझोल आणि क्लोमिफेन यांची तुलना झाली. बाळ जन्मण्याचं प्रमाण लेट्रोझोलने 27.5 टक्के, क्लोमिफेनने 19.1. आज पीसीओएसमध्ये बीज फुटण्यासाठी पहिली गोळी म्हणून लेट्रोझोल देतात ते यामुळे. तुमच्या डॉक्टरांनी आयव्हीएफच्या आधी ती दिली असेलच.

"गर्भाशयाचा रक्तपुरवठा वाढतो" हे वाक्य तुम्हाला पॅकेजवाल्यांनी ऐकवलं असणार. मीही ते पूर्वी पेशंटना सांगत असे, पुस्तकांत तसंच होतं. त्याचं मूळ 1996 च्या एका स्वीडिश अभ्यासात आहे. एलिझाबेट स्टेनर-व्हिक्टोरिन यांनी वंध्यत्वाच्या दहा बायकांना विजेच्या सौम्य प्रवाहासह सुया दिल्या आणि गर्भाशयाच्या रक्तवाहिन्यांतला अडथळा कमी झालेला सोनोग्राफीवर दाखवला. काम चांगलं होतं, पण दहाच बायका, तुलनेला दुसरा गट नाही, आणि मोजला तो रक्तप्रवाह. बाळ नव्हे. सोनोग्राफीचा आकडा सुधारला म्हणजे पाळणा हलेलच असं नाही. स्मिथची चाचणी नेमकं तेच सांगते.

मग आयव्हीएफच्या बायका माझ्याकडे येतात त्यांना मी परत पाठवते का? नाही. 2009 च्या एका अमेरिकन अभ्यासात 150 बायका होत्या. गर्भधारणेत काही फरक पडला नाही, पण सुया घेतलेल्या बायकांची गर्भ सोडल्यानंतरची धास्ती कमी होती आणि त्यांना जास्त आशा वाटत होती. हे माझ्या रोजच्या बघण्यातलंही आहे. गर्भ सोडल्यानंतरचे ते दोन आठवडे काय असतात हे घरातल्यांना कळत नाही. सासूबाई जिना चढू देत नाहीत, नवरा दर तासाला फोन करतो, आणि बाई रात्री तीनला उठून मोबाईलवर लक्षणं शोधते. अर्धा तास कुणी काही न विचारता नुसतं पडून राहायला मिळालं तर झोप लागते. त्यासाठी यायचं तर जरूर या. फक्त कशासाठी येतोय हे आपल्या दोघींना स्पष्ट हवं, आणि दर वेळचे पैसे त्या त्या वेळी. आगाऊ पॅकेज नाही.

ट्रान्सफर ढकलण्याबद्दल एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगते. गोठवलेल्या गर्भाचं वय वाढत नाही, म्हणून तीन महिने गेले तर तुमचं वैद्यकीय नुकसान फार होणार नाही. पण ज्या गोष्टीचा फायदा दिसलेला नाही तिच्यासाठी कशाला थांबायचं? डॉक्टरांनी गर्भाशयाचं अस्तर नीट नाही, साखर किंवा थायरॉईड आटोक्यात नाही म्हणून थांबायला सांगितलं तर थांबा, ती कारणं वेगळी. जिच्याकडे गोठवलेला गर्भच नाही आणि वय 37-38 आहे, अशी बाई "आधी सहा महिने सुया करून बघू" म्हणाली तर मात्र मी तिला त्याच दिवशी फर्टिलिटीच्या डॉक्टरांकडे धाडते. त्या वयात बीजांची संख्या आणि दर्जा दोन्ही घसरत असतात आणि सहा महिने परत मिळत नाहीत.

बहिणीचं बघू. इथे मला बोलायला जास्त आवडतं, कारण दुखणं ही सुईची जुनी जागा. 2008 मध्ये क्लाउडिया विट यांच्या जर्मन चाचणीत पाळीत पोट दुखणाऱ्या 201 बायकांची वाटणी केली. एका गटाला तीन महिन्यांत 15 बैठका, दुसऱ्याला त्या काळात सुया नाहीत. शून्य ते दहाच्या मापावर तीन महिन्यांनी सरासरी दुखणं 3.1 विरुद्ध 5.4. जिला दर महिन्याला कॉलेज बुडवून गरम पाण्याची पिशवी पोटाला धरून पडावं लागतं, तिच्यासाठी एवढा फरक मोठा आहे. मात्र याही चाचणीत पाणी मारलेली ओळ नव्हती. 2016 मध्ये वैद्यकीय पुराव्यांचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने 42 चाचण्या आणि 4640 बायकांचा आढावा घेतला तेव्हा बहुतेक चाचण्यांचा दर्जा कमी भरला, आणि ठाम काही म्हणता येत नाही असाच शेरा पडला.

मग आयव्हीएफला नाही आणि पाळीला हो, असं मी का म्हणते? आयव्हीएफमध्ये मोठ्या, चांगल्या चाचण्या झाल्या आणि त्यांत फायदा दिसला नाही. पाळीच्या दुखण्यात चांगल्या चाचण्या पुरेशा झाल्याच नाहीत. या दोन स्थिती वेगळ्या आहेत. शिवाय दुखणं कमी झालं की नाही हे बहीण स्वतः दोन-तीन पाळ्यांत सांगू शकते, त्यासाठी नऊ महिने वाट बघायला नको. मी तिला असं सांगेन: कॅलेंडरवर दुखण्याला दहापैकी आकडा लिही, किती गोळ्या घेतल्या तेही लिही. आठवड्याला एक, पाळीच्या आधीच्या आठवड्यात दोन बैठका, असं तीन पाळ्या. घोट्याच्या आतल्या हाडाच्या चार बोटं वर जो एसपी-6 बिंदू आहे तो यात असतोच. तिथे सुई गेली की बधिर, जडसं वाटतं. तीन पाळ्यांनंतर आकडे तेच राहिले तर बंद कर. "अजून थोडं चालू ठेवा" म्हणणाऱ्याकडे जाऊ नकोस, ती मी असले तरी.

त्याच्याही आधी दोन गोष्टी. मेफेनॅमिक अ‍ॅसिड किंवा आयब्युप्रोफेन यांसारख्या गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्याने, पाळी सुरू होतानाच घेतल्या तर बहुतेक मुलींना चांगला आराम पडतो, आणि त्याचा पुरावा सुयांच्या पुराव्यापेक्षा पक्का आहे. "गोळ्यांनी पुढे मूल होत नाही" ही भीती आपल्याकडे घरोघर आहे. पाळीच्या दोन दिवसांत घेतलेल्या वेदनाशामक गोळीने वांझपण येत नाही. दुसरं, दुखणं वर्षागणिक वाढत असेल, पाळी नसतानाही दुखत असेल, शौचाला किंवा संबंधाच्या वेळी दुखत असेल, तर आधी स्त्रीरोगतज्ज्ञ आणि सोनोग्राफी. एन्डोमेट्रिओसिस (गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर गर्भाशयाबाहेर वाढण्याचा आजार) अशा मुलींमध्ये वर्षानुवर्षं निदानाविना राहतो, कारण प्रत्येकजण "पाळीत दुखतंच" म्हणतो. सुयांनी दुखणं दबलं आणि निदान आणखी लांबलं, असं होता कामा नये.

आईच्या झळांचा पुरावा तिरपा आहे असं म्हटलं, त्याचं कारण 2016 सालच्या दोन चाचण्या. अमेरिकेतल्या 209 बायकांच्या चाचणीत सहा महिन्यांत 20 पर्यंत बैठका घेतलेल्यांच्या झळा 36.7 टक्क्यांनी कमी झाल्या, नुसत्या थांबलेल्यांच्या 6 टक्क्यांनी वाढल्या. ऑस्ट्रेलियातल्या 327 बायकांच्या चाचणीत आठ आठवड्यांत दहा बैठका, पण तुलना खोट्या सुईशी. शेवटी झळांचा गुणांक (झळा किती आणि किती तीव्र) खऱ्या सुईत 15.36 आणि खोटीत 15.04. दोन्ही गट जवळपास 40 टक्क्यांनी सुधारले, सारखेच. म्हणजे सुयांच्या खोलीत येऊन बाईला बरं वाटतं, पण ते सुई कुठे टोचली यावर अवलंबून दिसत नाही. आईंना झळांमुळे रात्र-रात्र झोप नसेल तर आधी डॉक्टरांशी हार्मोनच्या उपचारांबद्दल बोला. ज्यांना ते चालतात त्यांच्यासाठी झळांवर त्याच्या तोडीचं दुसरं काही नाही. स्तनाचा कॅन्सर झालेला असेल किंवा रक्ताच्या गुठळ्यांचा त्रास असेल तर गोष्ट वेगळी, आणि अशा बायकांना मी सुया करून बघा म्हणते.

विचारलं नाहीत, पण आईंच्या वयाच्या बायका लाजेने बोलत नाहीत म्हणून लिहिते. खोकताना, हसताना लघवी सुटते त्यावर 2017 मध्ये 504 बायकांची चीनमधलीच एक चांगली चाचणी आहे. माकडहाडाच्या भागात विजेच्या प्रवाहासह सुया, सहा आठवड्यांत 18 बैठका. पॅडचं वजन करून मोजलेली गळती खऱ्या सुईत 9.9 ग्रॅमने घटली, खोटीत 2.6 ग्रॅमने. इथे खरी आणि खोटी वेगळ्या पडल्या. ओटीपोटाचे व्यायाम आधी, पण ते करूनही भागलं नाही तर ही सोय आहे.

सुरक्षिततेचं पटकन. जर्मनीत 2,29,230 पेशंटच्या नोंदी तपासल्या तेव्हा 8.6 टक्के लोकांना काही ना काही त्रास झाला होता, बहुतांशी थोडं रक्त येणं, काळंनिळं होणं, दुखणं. उपचार लागावा असा त्रास 2.2 टक्क्यांना. दोघांच्या फुप्फुसाला सुई लागून छातीत हवा शिरली होती, म्हणून छातीवर आणि पाठीवर सुई देणाऱ्याचा हात शिकलेला हवा. सुई पाकीट फोडून तुमच्यासमोर काढली पाहिजे आणि वापरून टाकून दिली पाहिजे. आणि "कोटणीसांची विद्या" अशी पाटी बघून भुलू नका, सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस 1942 मध्ये चीनमध्येच वारले, चीनच्या मदतीला गेलेल्या त्यांच्या वैद्यकीय पथकातले डॉ. बिजॉय कुमार बसू यांनी ही पद्धत भारतात आणली. पाटीपेक्षा नोंदणी विचारा. अ‍ॅक्युपंक्चरवाल्यांची नोंदणी 2015 च्या राज्याच्या कायद्याखालची महाराष्ट्र अ‍ॅक्युपंक्चर परिषद करते. नोंदणी असणं म्हणजे दाव्यांवर शिक्कामोर्तब नव्हे, पण ती नसेल तर पुढे बोलूच नका.

तरीही ट्रान्सफरच्या सुमारास धास्ती कमी व्हावी म्हणून सुया घ्यायच्या ठरवल्या, तर आधी तुमच्या आयव्हीएफच्या डॉक्टरांना सांगा. रक्त पातळ ठेवणारी हेपॅरिनची इंजेक्शनं किंवा अ‍ॅस्पिरिन चालू असेल तर सुई देणाऱ्यालाही सांगा, काळंनिळं जास्त होतं. गर्भ सोडल्यावर ओटीपोटात सुई घेऊ नका. मी देत नाही. आणि ट्रान्सफरच्या दिवशी पिंपळगावहून निघून आधी सुयांना, मग हॉस्पिटलला, मग परत सुयांना अशी हायवेवर धावपळ करू नका. त्या दिवशी एकच ठिकाण ठेवा, हॉस्पिटलचं. माझ्याकडे यायचं तर आदल्या आठवड्यात या, फाईल घेऊन या, आणि नणंदबाईंनाही सोबत आणा. त्यांच्याशी मला पाउलुसबद्दल बोलायचंय.